गाडीवान वजा

१

इंग्लंडहून परत येताना बोटीवर मी मनातल्या मनात एक हँगर बांधला होता. पत्र्याचा, आतून पांढरा रंग दिलेला, फरशी इतकी स्वच्छ की पडलेला स्क्रू दारातून दिसावा. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, म्हणजे एखादं जागेवर नसलं तर ती रिकामी आकृतीच बोंब मारेल. आणि मधोमध आमचं विमान. निजामाचं राज्य जाऊन सहा वर्षं झाली होती, देश आपला होता, आणि जालन्यासारख्या कापसाच्या गावात एका माणसाने चक्क विमान घेतलं होतं. तो माणूस माझा काका. या विमानातून भोकरदनकडे डॉक्टर जातील, गोदावरीला पूर आला की अडकलेल्यांना औषधं पडतील, आणि ते विमान राखणारी मी असेन, असं मी समुद्राकडे पाहत ठरवून टाकलं होतं.

प्रत्यक्षात समोर आलं ते आमच्या जिनिंगच्या आवारातलं सरकीचं जुनं गोदाम. भिंतींना, वाशांना, कोळ्याच्या जाळ्यांना मागल्या हंगामाची कापसाची पिंज लोंबत होती. आत पाऊल टाकलं की ती हलायची, जणू गोदामाने श्वास घेतला. सरकीच्या तेलकट वासात ते विमान उभं होतं. पुढच्या पंख्याच्या मध्यावर शेंदूर थापलेला. शेपटीला लिंबू, मिरच्या, बिब्बा. दोन मजली पंखांवर विमानाचं तलम कापड असायला हवं, तिथे डाव्या खालच्या पंखावर मांजरपाट ताणून त्याला रोगण फासलेलं.

"कसं वाटलं?" काकासाहेबांनी विचारलं. पांढरंशुभ्र धोतर, हातात चांदीच्या मुठीची काठी. माझे वडील लवकर गेले. याच माणसाने मला वाढवलं आणि भाऊबंद हसत असताना विमानदुरुस्ती शिकायला सातासमुद्रापार धाडलं. "लष्करानं लिलावात काढल्तं. बिलकुल नवं करून ठेवलंय."

"काका, पंख्याला शेंदूर?"

"मंग काय फासायचं? बॉयलरला फासतो, प्रेसला फासतो. एकदा बी बॉयलर फुटला न्हाई."

"तो फुटला नाही तो शेंदरामुळे नव्हे. त्याची झडप कुणीतरी वेळेवर साफ करत असणार."

ते मोठ्याने हसले. त्यांना माझं उलट बोलणं आवडायचं, निदान तोवर तरी.

त्यांचा बेत ठरलेला होता. दसऱ्याच्या सकाळी त्यांचा मुलगा मुकुंद विमान घेऊन पिंपळगावला जाणार आणि रेणुकाईच्या देवळावर झेंडू उधळणार. साऱ्या पंचक्रोशीला सांगून झालं होतं. विमान उडायला योग्य आहे अशी सही मी करायची.

"आन् आपल्या जिनमधली रीत तुला ठाऊक हाय," ते म्हणाले. "ज्यानं बॉयलर दुरुस्त केला तो पेटवताना बाजूला उभा राहतो. विमानाचं बी तेच. सही करंल तो पुढच्या बैठकीत बसंल."

ती रीत मला मनापासून आवडली. माझ्या इंग्लंडातल्या शाळेतसुद्धा एवढी कडक रीत नव्हती.

२

या विमानात एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका होत्या. चालवणारा मागे बसतो, दुसरा माणूस पुढे. दोन्हीकडे गुडघ्यांच्या मध्ये एकेक दांडी. त्या खालून जोडलेल्या असतात, मागची हलवली की पुढचीही हलते. म्हणून पुढे कुणी बसणार नसेल तर तिथले पट्टे बक्कल लावून घट्ट आवळून ठेवायचे असतात. एखादा सैल पट्टा दांडीत अडकला की विमान कुणाचंच ऐकत नाही. ही बारीक गोष्ट आहे, आणि अशाच बारीक गोष्टींनी माणसं मरतात.

पहिल्याच दिवशी मी पुढचे पट्टे आवळले. बैठकीच्या पाठीला चिकटतील इतके. वर ओढून पाहिले. गोदामाला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याच कमरेला लावली.

सकाळी उघडलं तेव्हा बक्कल तसंच लावलेलं होतं. पण पट्टे पाठीला चिकटलेले नव्हते. खांद्यांवरून येणारे दोन आणि कमरेचे दोन, चारही पुढे सरकून हवेत उभे होते. त्यांच्या आणि पाठीच्या मध्ये जागा होती. एखाद्या सडपातळ माणसाच्या छातीएवढी.

मी बोट लावलं. ते मऊसूत खाली पडले.

"काय बघून राह्यली, अक्का?" मुकुंद दारातून म्हणाला. तो माझ्यापेक्षा लहान, हैदराबादच्या फ्लाइंग क्लबात शिकलेला, दिवसभर काहीतरी चेष्टा करणारा. "विलायतेत पट्ट्यांना बी सलाम करतेत का?"

"हे कुणी सैल केलं?"

"उंदरानं केलं असंल. आमचे उंदीर लई हुशार. बक्कल न मोडता काम करतेत."

"आणि हे ताठ कशाने?"

"धुतल्यात ना ते. खळ राहिली असंल." विमानाचे पट्टे कुणी कशाला धुवेल, हे मी विचारायच्या आत तो निघून गेला होता. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं: मी आल्यापासून मुकुंद विमानाभोवती शंभर वेळा फिरला होता, पण पुढच्या बैठकीकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

मी पट्टे पुन्हा आवळले. खळ, दमट हवा, सुताचा ताण. मला कारण सापडलं होतं. तरी त्या दिवशी कामं करताना मी त्या बैठकीकडे पाठ केली नाही.

३

दुरुस्त झालेलं विमान तोलायचंच, हा नियम. कुठे किती लाकूड, किती रंग वाढला ते वजन सांगतं. आमच्याकडे त्यासाठी कापसाच्या गाड्या तोलायचा काटा होता. जमिनीत बसवलेली मोठी फळी, आणि बाजूच्या खोलीत खिडकीपाशी तोलाची दांडी. तिथे बद्रीनाथ बसायचा. याच हंगामाला वडीगोद्रीहून आलेला, पोट सुटलेला, तोंडात कायम पान, आणि स्वतःच्या नजरेचा असा अभिमान की काटा केवळ लोकांचं समाधान म्हणून ठेवलाय असं तो सांगायचा.

अष्टमीच्या दुपारी आम्ही विमान ढकलत काट्यावर नेलं. चाकं फळीवर. शेपटी लांब बाहेर राहिली, ती गाठी तोलायच्या टांगत्या तराजूला लावली आणि मुकुंदने दोराने सावरून धरली. मी तराजूपाशी. गडी मी लांब हाकलले होते, कुणाचा हात लागला तर वजन चुकेल म्हणून. विमानाला आम्हा दोघांशिवाय कुणी शिवत नव्हतं, आणि आम्ही दोघंही शेपटीकडे होतो.

बद्रीनाथने खिडकीतून आकडा ओरडून सांगितला. मी तराजूचा आकडा त्यात मिळवला आणि कारखान्याने दिलेल्या मूळ वजनाशी ताडून पाहिला. जवळजवळ तोच! मला इतका आनंद झाला की मी खिडकीपाशी धावत गेले.

"बद्रीनाथ, तुमच्या काट्याला तोड नाही."

"काटा तर हायेच, बाईसाहेब." त्याने पानाची पिंक टाकली. "पण नजर बी लागती. गाडीवान वजा केला म्हणून बराबर आलं."

त्याच्या कामाची रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. कापसाची गाडी काट्यावर घेताना बैल सोडून पुढे उभे करतात आणि कासरे गाडीवानाच्या हाती राहतात. तो उतरला तर बैल बुजतात. म्हणून त्याला गाडीवरच बसू देतात आणि काटेवाला नजरेने त्याचं वजन ठरवून वजा करतो.

"कोणता गाडीवान?" मी विचारलं.

"पुढं बसल्ता तो. दीड मणाचा असंल. दीड मण वजा केला."

"पुढे कुणी नव्हतं."

बद्रीनाथ हसला. "मस्करी करून राह्यल्या का? कातड्याचं टोपडं घातल्यालं, मान अशी खाली." त्याने मान डावीकडे कलवून दाखवली. "मी दोनदा आवाज दिला, उतर म्हणून. न्हाई उतरला. मंग म्हणलं, गाडीवान काट्यावर उतरतच नसतेत. केला वजा."

मागे धाडकन आवाज झाला. तराजूवरून शेपटी उतरवताना मुकुंदच्या हातातला दोर सुटला होता आणि ती जमिनीवर आपटली होती. त्या आपटण्याबरोबर डाव्या पंखातून आणखी एक आवाज आला. बारीक, कोरडा. वाळलेली शेंग बोटांत चुरावी तसा.

४

मुकुंद लिंबाच्या पारावर बसला होता. चेष्टा संपली होती.

"त्याचं नाव मच्छिंद्र," तो म्हणाला. "आपल्या जिनचा मिस्तरी. तू गेल्यावर आल्ता. मागल्या दसऱ्याला त्यानं सही केल्ती."

"मागल्या दसऱ्याला काय झालं?"

"शहागडला गोदावरीत फुलं टाकायची होती. नवमीला शेपटी उचलताना त्याला पंखात आवाज ऐकू आला. म्हणला, मालक, पंख उघडून बघतो. बाबा म्हणले, हत्यारं पूजेत हायेत, सोनं वाटून झाल्यावर उघड."

"मग त्याने उघडला नाही?"

"कशानं उघडणार? नखानं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "सही त्याची होती. बसला पुढं. मी मागं. नदीवर गेल्यावर ह्या पंखानं तोंड वर केलं, अक्का. आपण कागद दुमडतो तसं. वाळूत पडलो म्हणून मी राहिलो. तो पडायच्या आधी ओरडला न्हाई, मागं वळला न्हाई. सगळा टाइम मान खाली घालून पंखाकडं बघून राह्यल्ता. मला वाटलं, हा प्रार्थना करतोय. तो आवाज ऐकत होता."

"आणि पट्टे..."

"आईनं धुतले."

पाच वर्षांत मला दर दिवाळीला घरचं पत्र आलं होतं. कुणीच काही कळवलं नव्हतं.

मी तडक काकासाहेबांकडे गेले. ते गादीवर लोडाला टेकून बसले होते. मी ओरडले नाही. मी सांगितलं की विमानाचं वजन दीड मण जास्त भरलं आहे, आणि डाव्या पंखात आत काय ठोकलंय ते मला पाहायचं आहे.

"मोडल्याल्या तुळईला दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फळ्या मारल्यात. लोखंडी बोल्ट. बैलगाडीचा आस मोडंल, ती न्हाई मोडायची."

"बाभळ नाही मोडणार, काका. बाभळ जिथे संपते तिथे मोडेल. मूळ लाकूड हलकं आहे, वाकण्यासाठी केलेलं. तुम्ही त्याला मध्येच खडक बांधलात. आता सगळा ताण त्या कडेवर येतो."

त्यांनी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला.

"दीड मण लाकूड लागलं असंल का?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

एका पंखात एवढं लाकूड मावत नाही.

"ते उघडल्यावर कळेल," मी म्हणाले.

"उघड की. मी कुठं न्हाई म्हणलं? आता दिवेलागण झाली. सकाळी बघ."

मी विश्वास ठेवला, आणि झाडलोटीसाठी त्यांनी मागितली तेव्हा गोदामाची किल्लीही दिली. सकाळी गोदामात गेले तेव्हा दाराशी झेंडूचं तोरण होतं. आत चौरंग मांडले होते आणि जिनमधली झाडून सारी हत्यारं त्यांवर हारीने मांडली होती. पाने, हातोडे, छिन्न्या, पक्कडी. त्यांत माझी इंग्लंडहून आणलेली पेटीही होती. तिला माझं नसलेलं, नवं कुलूप घातलेलं होतं आणि कुलपावर हळदकुंकू. चौरंगावर मावली नाही म्हणून दोघांनी ओढायची लांब करवत भिंतीला उभी केली होती, तिच्या दोन्ही मुठींना हार. नवमी होती. खंडेनवमी.

काकासाहेब निरांजन ओवाळत होते. "आज हत्याराला हात लावायचा न्हाई, रजनी. उद्या संध्याकाळी सोनं वाटून आल्यावर घे."

"उद्या सकाळी विमान उडणार आहे."

"हां."

"म्हणजे मागल्या वर्षीसारखंच."

निरांजनाची ज्योत हलली. त्यांनी ती दुसऱ्या हाताने झाकली. "देवीनं पोरगं जित्तं परत दिलं," ते म्हणाले. "मी तिला बोलल्तो, विमान नीट झालं की पुढच्या दसऱ्याला तुझ्यावर फुलं टाकीन. आता मागं फिरू? तिचं हत्यार आज उचलून?"

तेव्हा मला कळलं. ते मला अडवत होते ते हट्टापोटी नव्हे, भीतीपोटी. भीती कुठे असायला हवी ते त्यांना कळत नव्हतं, एवढंच.

५

इंजिन फिरवून बघायला हत्यार लागत नाही. दुपारी मी तेवढं तरी करायचं ठरवलं.

विमानाची शेपटी आम्ही बाहेर लिंबाच्या खोडाला बांधली, चाकांपुढे दगड लावले. तोंड गोदामाच्या उघड्या दाराकडे होतं. पुढची बैठक रिकामी, पट्टे मी स्वतः आवळलेले. मी मागे बसले. मुकुंदने पंख्याचं पातं हाताने ओढलं. इंजिन खोकलं, मग धरलं. तो बाजूला झाला आणि पंखाच्या टोकापलीकडे जाऊन उभा राहिला.

आवाज वाढवला तशी गोदामातली पिंज सुटली. वर्षाची साचलेली सारी पांढरी पिंज भिंतींवरून, वाशांवरून उठून पंख्याकडे ओढली गेली आणि मागे माझ्यावर फेकली जाऊ लागली. भर उन्हात बर्फाचं वादळ. ती माझ्या तोंडावर येणार म्हणून मी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

पण ती माझ्या तोंडावर येत नव्हती. दोन्ही बाजूंनी, माझ्या कानांना घासून जात होती. मधोमध, माझ्या समोर, ती दुभंगत होती. प्रवाहात दगड असला की पाणी दुभंगतं, तशी.

मी आवाज कमी केला. तेव्हा माझ्या गुडघ्यांमधली दांडी हलली. डावीकडे. माझ्या गुडघ्यावर आपटून सरळ झाली आणि पुन्हा डावीकडे आपटली. मी ती दोन्ही हातांनी धरली. पलीकडून कुणी ओढत असलं तर दोराला जसा जीव येतो तसा तिला जीव होता. मुकुंद दूर उभा होता, दोन्ही हात कानांवर.

पंखा मंदावला. पिंज खाली बसू लागली. ती पुढच्या बैठकीवर बसली, काचेवर बसली, आणि मध्येच, जिथे काही नव्हतं तिथे, बसली. दोन उतरते खांदे. वर गोल, घट्ट टोपीसारखं काही. मान डावीकडे वाकलेली. एवढंच, आणि तेही पाठमोरं.

मग ते डोकं माझ्याकडे वळायला लागलं, आणि मी इंजिन बंद केलं.

पिंज बैठकीत कोसळली. एक छोटा, मऊ ढीग झाला. पट्टे हवेत उभे होते. बघता बघता तेही पडले.

मला शिकवलं गेलं आहे की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि मी ते सोडलेलं नाही. काचेमागे हवेचे भोवरे होतात. पिंज त्यांत गोल फिरून मधली जागा मोकळी ठेवू शकते. पंखांच्या मागच्या कडेला दांडीने हलणाऱ्या झडपा असतात, त्यांना वारा लागला की दांडी हलते. डोळे दिपले की माणसाला काहीही दिसतं. हे सारं मी पारावर बसून स्वतःला सांगितलं, आणि माझा गुडघा सुजत होता.

मग मला एक गोष्ट कळली आणि मी रडायची थांबले. वारा डाव्या पंखावर जास्त ओढत असेल तर डावा पंख वाकडा झालेला आहे. आणि तो वारा नसेल तर कुणीतरी मला डावा पंख दाखवत आहे. शास्त्र घ्या किंवा तो घ्या, दोघांचं बोट एकाच जागी होतं.

६

"मी सही करणार नाही," दिवेलागणीला मी काकासाहेबांना सांगितलं. घरची सारी माणसं ओसरीवर होती.

"नको करू," ते शांतपणे म्हणाले. "आपलं आवार, आपलं विमान. कोण विचारतं? मुकुंद एकटा जाईल. पुढच्या बैठकीत फुलं भरू."

"पुढची बैठक भरलेली आहे."

कुणीतरी हातातलं भांडं खाली ठेवलं. काकासाहेबांनी 'काय म्हणालीस?' असं विचारलं नाही. त्यावरून मला उमगलं की त्यांनाही ते ठाऊक होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे.

"म्हणून तर फुलं न्यायची," ते पुटपुटले. "त्याला बी शांत वाटंल."

"त्याला फुलं नकोत, काका! त्याला तो पंख उघडायचा होता!"

"बस्स झालं. पोरीच्या जातीनं इतकं बोलू न्हाई."

"पोरीच्या जातीला तुम्हीच शिकायला धाडलंत. न बघितलेल्या लाकडाखाली मी माझं नाव लिहीत नाही, आणि माझ्या भावालाही त्यावर बसू देणार नाही."

मी मुकुंदकडे वळले. "तू नाही म्हण. तू नाही म्हणालास की संपलं."

तो खांबाला टेकून उभा होता. मोडून जुळलेलं खांद्याचं हाड तो दुसऱ्या हाताने चाचपत होता, सवयीने.

"मी जातो, अक्का."

"पंख मोडेल."

"मोडंल." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मागल्या वेळी मी उतरलो, आन् तो न्हाई उतरला. तसाच बसून हाय. तू बघितलं ना आज? मी बी बघितलं. रोज बघतो. कुठवर त्याला एकट्याला बसवून ठेवायचं?"

मी त्याच्या कानाखाली मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तो हलला नाही.

७

दसऱ्याच्या सकाळी आवारात माणूस मावत नव्हता. लोक शेतांतून, गावांतून आले होते, लेकरं खांद्यांवर. सनई वाजत होती. विमान गोदामातच होतं, दाराकडे तोंड करून, आणि दोन गडी झेंडूच्या पाट्या घेऊन पुढच्या बैठकीपाशी उभे होते. त्यांनी अजून फुलं ओतली नव्हती. एकमेकांना 'तू आधी' म्हणत होते. मुकुंद टोपी चढवून दारात उभा होता, आणि शेजारी काकासाहेब, जरीचा फेटा बांधून.

झोप मला लागलीच नव्हती. रात्रभर मी एकच हिशेब मांडत होते: सही नाकारून भागत नाही. जे विमान उडू शकतं ते उडवलं जाणारच. मी नाही तर दुसरा कुणी सही करील, नाहीतर सहीविनाच जाईल. मच्छिंद्रने त्या दिवशी फक्त विचारलं होतं. मी विचारणार नव्हते.

मी काकासाहेबांच्या समोरून आत गेले. दोन्ही गड्यांना बाजूला केलं. पाय ठेवायच्या फळीवर चढून पुढच्या बैठकीत वाकले. पट्टे उभे होते. या वेळी मी बोट लावलं नाही. बक्कल धरलं. ते भर आश्विनात पाण्यातून काढल्यासारखं गार होतं.

"मच्छिंद्रभाऊ," मी म्हणाले, "उतरा. आता उघडून बघू."

बक्कल सोडलं. चारही पट्टे एकदम पडले नाहीत. आधी डाव्या खांद्याचा, मग उजव्या. मग कमरेचे.

मी खाली उतरून चौरंगाकडे गेले. माझ्या पेटीला कुलूप होतं. म्हणून भिंतीची लांब करवत उचलली. तिचे हार ओढून काढले. हळद माझ्या तळव्यांना लागली. बाहेरची सनई थांबली.

"रजनी." काकासाहेबांचा आवाज फाटला होता. "हत्यार खाली ठेव. देवीचं हाय ते आज."

"देवीचंच आहे," मी म्हणाले. "तिने ते नुसतं मांडून ठेवायला दिलं नसणार."

डाव्या खालच्या पंखावर, जिथून तो कोरडा आवाज आला होता तिथे, मी करवत आडवी ठेवली. मागची मूठ माझ्या हातात. पुढची मूठ पंखाच्या पलीकडे, हवेत. ही करवत दोघांची. एकट्याने ओढली की पातं वाकतं, नाचतं, लाकडाला धरत नाही. मी ओढली. मांजरपाट टर्रकन फाटलं. पुन्हा ओढली. बाभळीच्या फळीपासून बोटभर अंतरावर तुळईचं पिवळं लाकूड उघडं पडलं, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत काळी भेग. करवत लागायच्या आधीची. माझं नख तिच्यात सहज गेलं असतं.

"बघा!" मी ओरडले. "या, बघा सगळे!"

कुणी पुढे आलं नाही. काकासाहेबांची काठी पडल्याचा आवाज आला. मी पाय रोवले आणि पात्यावर सारा जोर दिला. ते वाकलं, अडकलं. माझ्याने पुढे ढकलवेना. मी मूठ सोडली नाही. आज हे लाकूड तुटणार, मग माझे तळवे सोलले तरी चालतील, असं मी दातांवर दात दाबून म्हटलं.

आणि पातं सरळ झालं. पलीकडून ओढलं गेलं, सावकाश, सराईतपणे, पार मुठीपर्यंत. मग थांबलं. माझी पाळी होती.

मी वर पाहिलं. मुकुंद अजून दारातच उभा होता.

मी ओढली.